पावसाळ्यात काय वाचू?

पत्र

ताई, मी ४३ वर्षांची. डोंबिवलीला राहते, फोर्टात सरकारी नोकरी. कॉलेजात असताना 'मृत्युंजय', 'ययाती', 'पानिपत' रात्र रात्र जागून वाचल्या. मग लग्न, मुलगी, लोकल. मध्यंतरी पुन्हा वाचायचं ठरवून 'हिंदू' विकत आणली. चाळिसाव्या पानावरची खूण अजून तशीच आहे. दर जूनमध्ये फोनवर तोच फोटो फिरत असतो: खिडकी, बाहेर पाऊस, वाफाळता चहा, उघडं पुस्तक. माझ्या घरात असं कधी घडत नाही. यंदा मात्र नव्या मराठी कादंबऱ्या वाचायच्याच असं ठरवलंय. कोणत्या वाचू? मैत्रीण म्हणते हलकंफुलकं घे. पण नुसतं हलकं मला नको आहे.

घरी सासूबाई आहेत, ७४ वर्षांच्या, मेहकरकडच्या. मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, त्याचं त्यांना फार वाईट वाटतं. मुलगी नववीत आहे, मराठी पुस्तक म्हटलं की तिच्या कपाळावर आठ्या. गणपतीत पाच दिवस माहेरी कुडाळला जाते. आणि एक विचारायचं होतं, हसू नका. शेवट आधी वाचून घ्यायची मला सवय आहे. चालतं का?

उत्तर

ताई, त्या फोटोचं आधी बघू. खिडकीशी पुस्तक उघडून बसलेल्या त्या बाईच्या अंगावर झड कशी येत नाही, हे मला कधी कळलेलं नाही. डोंबिवलीत जुलैमध्ये खिडकी उघडी ठेवली तर पाचव्या मिनिटाला गादी ओली होते. घरभर दोरीवर कपडे, शाळेचे बूट पंख्याखाली, कुकरची तिसरी शिट्टी, आणि भजी तळायची झाली तर ती तुम्हीच तळणार. त्या फोटोच्या नादानं पुस्तकं निवडलीत तर पावसाळा संपेल आणि खूण चाळिसाव्या पानावरच राहील.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऋतू पाहून पुस्तक निवडायचं म्हणजे पावसात पावसाचं आणि थंडीत धुक्याचं वाचायचं असं नाही. त्या महिन्यांत वाचायला वेळ कसा मिळतो ते पाहायचं. सलग की तुकड्यातुकड्यानं? एकटीला की चारचौघांत? उभ्यानं की लोळून? तुमच्या पत्रातूनच तुमचा वेळ दिसतोय. सकाळ-संध्याकाळची लोकल, रात्री जेवणानंतर सासूबाईंजवळची अर्धीमुर्धी घटका, कुडाळचा प्रवास, आणि पाऊस सरल्यावरची दिवाळीची सुट्टी. या चार जागांना चार वेगळ्या तऱ्हेची पुस्तकं लागतात. हलकं की जड हा प्रश्न मग फारसा उरत नाही. खाली सांगणार आहे त्यातलं सगळ्यात हसवणारं पुस्तक मुळीच हलकं नाही, आणि सगळ्यात बारीक पुस्तक मनावर बरंच ओझं ठेवून जातं.

'हिंदू'बद्दल अपराधी वाटून घेऊ नका. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी २०१० साली आली तेव्हा कितीतरी घरांत गेली, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत खूण तुमच्याच आसपास थांबली असणार. ती वाईट आहे म्हणून नाही. खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे आणि पुस्तकही तसंच थरांथरांनी उकरत जातं: गाव, शेत, नातेवाईक, जाती, बायकांची गाणी, इतिहास. असं पुस्तक कोपर ते कुर्ला वाचलं की दुसऱ्या दिवशी कोण कुणाचा कोण हे आठवत नाही. त्याला सलग दुपारी लागतात. कादंबरी अर्धवट ठेवणं म्हणजे ताटात टाकून उठणं नव्हे. कपाटात ठेवा, तिच्याकडे आपण दिवाळीनंतर येऊ.

आता लोकल. एका हातात कडी, पाठीवरची सॅक पोटावर घेतलेली, दुसऱ्या हातात मावेल एवढंच पुस्तक. तेव्हा सुरुवात मिलिंद बोकिलांच्या 'समुद्र'पासून करा. एक मध्यमवयीन जोडपं समुद्रकाठी चार दिवस राहायला आलंय. मुलगा मोठा झालाय, पैशाची चणचण नाही, सगळं ठीक आहे. आणि मग बायको बोलू लागते. जवळजवळ सगळं पुस्तक म्हणजे भास्कर आणि नंदिनी या दोघांचं बोलणं. घटना म्हणाव्यात तर फारशा नाहीत. पण नंदिनीनं जे केलं त्यापेक्षा ते ती ज्या शांतपणे सांगते, त्यानं भास्करची जी गत होते ती बघण्यासारखी आहे. दोन माणसंच असल्यामुळे घाटकोपरला मिटलं तरी संध्याकाळी परत उघडताना काही हरवत नाही. तुमच्या डब्यातल्या मैत्रिणींना वाचायला दिलंत तर मात्र भांडणं लागतील, निम्म्या तिच्या बाजूनं आणि निम्म्या त्याच्या.

त्यानंतर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू'. ही २००६ ची. पुण्यातलं चारचौघांसारखं घर, वरच्या खोलीत राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली भाऊ-बहीण. पहिला भाग भाऊ सांगतो, दुसरा बहीण. तीच खोली, तोच माणूस, पण दोघांच्या आठवणीत तो सारखा नाही. जेरी पिंटोंनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, पुढे २०२२ मध्ये लेखकानंच तिच्यावर सिनेमा काढला. सिनेमा पाहिला असलात तरी पुस्तक वाचा. आईवडिलांना काही कळत नाही की कळूनही ते जेवायची ताटं घेत राहतात, हा जो मराठी घराचा गुण आहे तो पुस्तकात फार नेमका उतरलाय.

तिसरं नाव समकालीन म्हणायला थोडं जुनं आहे, पण ते वगळून मला पुढे जाववत नाही. गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया'. १९८० चं पुस्तक, एका बांधणीत तीन लघुकादंबऱ्या. तुम्ही 'ययाती'वरून थेट आजवर उडी मारताय, मधला हा पूल घेतलात तर नव्या लेखिका जास्त कळतील. यातल्या बायका नवरा, मुलं, मित्र, घर या सगळ्यांवर प्रेमही करतात आणि त्यांच्यापासून लांबही जाऊ बघतात, आणि त्याबद्दल रडत बसत नाहीत. काही ठिकाणी त्यांचं जग फारच ऐसपैस, फारच परदेशी वाटेल. अंबरनाथ लोकलमध्ये चेंगरून उभं असताना तर नक्कीच वाटेल. तरी वाचा.

नोकरी सरकारी आहे म्हणून आणखी एक: कविता महाजनांची 'ब्र', २००५ ची. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. कागदावर हे एका ओळीचं काम. प्रत्यक्षात सरपंच झालेल्या बाईला खुर्ची मिळते का, सही तिची असते की नवऱ्याची, ग्रामसेवक तिच्याशी कसा बोलतो, अविश्वासाचा ठराव कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून येतो, हे पाहत प्रफुल्ला नावाची कार्यकर्ती आदिवासी भागात फिरते. तिच्या स्वतःच्या घराचंही काहीबाही मोडत असतं. ही 'समुद्र'सारखी बारीक नाही, पण एकेका बाईची हकिगत येत जाते, त्यामुळे तुकड्यांनी वाचता येते. जीआर निघाल्यावर खाली त्याचं काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून ही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

सासूबाईंकडे येते, कारण तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे. आधी एक आगाऊपणा: मोतीबिंदू थंडीतच काढायचा हा जुना समज. हल्लीच्या शस्त्रक्रियेला ऋतू लागत नाही, असं डोळ्यांचे डॉक्टरच सांगतात. पावसाळा म्हणून थांबला असाल तर विचारून घ्या. पण तोवर त्यांना वाचून दाखवा. मोबाईलवर ऐकायची पुस्तकं मिळतात, स्टोरीटेलवर मराठी भरपूर आहे, तो मार्गही वाईट नाही. तरी पहिलं पुस्तक तुमच्या तोंडूनच ऐकू दे, कारण मी सांगणार आहे ती बुलढाण्याकडची, म्हणजे त्यांच्याच जिल्ह्यातली आहेत.

रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा'. वरून हुकूम सुटलाय की प्रौढांना साक्षर करा, म्हणून शाळेतले गुरुजी कामाला लागतात. वर्ग कागदावर भरतात, हजेऱ्या कागदावर लागतात, परीक्षाही होते, आणि प्रत्येक पायरीवर अहवाल इतका नीटनेटका होत जातो की खरं गाव बाजूलाच राहतं. तक्ते, प्रपत्रं, तपासणीला येणारे साहेब, त्यांच्या चहापाण्याची धावपळ. तुमच्या कचेरीत असे तक्ते भरणारा एखादा नग असेलच, त्याचा चेहरा डोळ्यासमोर येऊन तुम्हाला वाचता वाचता थांबावं लागेल. सासूबाईंचं हसू वेगळ्या कारणानं फुटेल. ती बोली त्यांची आहे. तुम्ही कुडाळच्या, तुमची जीभ वऱ्हाडी वळणांवर अडखळणार, आणि त्या तुम्हाला दुरुस्त करणार: 'तसं नाही, असं म्हणतात.' सुनेला शिकवायची संधी या वयात कुणी सोडत नाही. दहा-बारा पानं झाली की थांबा. त्यांनी 'अजून थोडं' म्हटलं तरी थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सिरियल लावायच्या आधी त्याच आठवण करतील. मुलगी हॉलमध्ये फोन घेऊन बसली असेल तर तिला उठवू नका, कान उघडेच असतात.

हे रुचलं तर मग सदानंद देशमुखांची 'बारोमास'. हीदेखील त्याच जिल्ह्यातली, साहित्य अकादमीचा २००४ चा पुरस्कार मिळालेली. पण इथे जरा जपून. एकनाथ शिकलेला आहे, एम.ए., बी.एड., पण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीतच अडकलाय. शेती वर येत नाही, बाप खचत चाललाय, आणि गावात वाढलेली नसलेली बायको अलका त्या घरात रुळत नाही. मुंबईत आपण पाऊस जास्त झाला म्हणून वैतागतो, तिथे सगळं घर आभाळाकडे बघत बसलेलं असतं. मेहकरकडच्या बाईला हे सगळं पुस्तकातून कळायची गरज नाही, तिनं ते भोगलेलं असू शकतं. म्हणून आधी विचारा. वाचताना त्या गप्प झाल्या तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्यांना बोलू द्या. कदाचित पुढची पानं त्या रात्री वाचायची वेळच येणार नाही.

तुम्ही मागितलेलं नाही, पण खुद्द पावसाची कादंबरी हवीच असेल तर ती सांगते. कृष्णात खोत. पन्हाळ्याच्या परिसरातले हे लेखक. त्यांची 'झड-झिंबड' पावसावरची आहे, आणि तिच्यात चहा-भजी नाही. डोंगराकडच्या गावात दिवसचे दिवस पाऊस लागून राहतो तेव्हा गळणारं छप्पर, न पेटणारी चूल, वैरण, दावणीतली जनावरं, आजारपण, घराबाहेर न पडता आल्यामुळे माणसांचे एकमेकांना लागणारे काटे, हे तिचं जग. पाऊस ज्यांच्यासाठी काम आहे, त्यांचा पाऊस. शहरातल्या पावसाळी कवितांनी जे केलंय त्यावर हा चांगला उतारा आहे.

खोतांचीच 'रिंगाण' त्याहून जास्त नावाजली गेली, तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव जातं. माणसं उठवून दुसरीकडे वसवली जातात. मागे सोडलेली जनावरं रानात राहतात आणि हळूहळू रानटी होतात. त्यातली म्हैस परत आणायला एक माणूस जुन्या गावाच्या जागी जातो. एवढीच गोष्ट. पण ती म्हैस आता कुणाची? तिला माणूस ओळखू येईल का? आणि आला तर ती त्याच्यावर धावून का जाणार नाही? गाव सोडलं कुणी, माणसांनी की म्हशीनं? भाषा पहिली काही पानं अडवते. मोठ्यानं वाचलं की सुटते, म्हणून ही ट्रेनमध्ये नको, घरी घ्या. यानंतर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' हाताशी लागली तर बघा. तीही धरणग्रस्तांचीच, १९९२ च्या अकादमी पुरस्काराची. 'पानिपत'मुळे पाटील तुम्हाला परके नाहीत. त्यात पुनर्वसनाच्या कचेऱ्या आहेत, हेलपाटे आहेत, टेबलाच्या दोन्ही बाजू आहेत. 'रिंगाण'मध्ये कचेरी मागे पडते आणि रान पुढे येतं. मला आज विचाराल तर 'रिंगाण' उजवी, पण तुमची नोकरी पाहता तुमचं मत उलटंही पडू शकेल.

कुडाळ. गणपतीचे पाच दिवस वाचन होईल या भ्रमात राहू नका. आरत्या, भजनं, मोदक, येणारी-जाणारी माणसं, त्यात पुस्तक घेऊन बसलेली माहेरवाशीण दिसली की मामी विचारणार, 'गो, बरा नाय काय तुका?' खरा वेळ गाडीत आहे. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात मुद्दाम सावकाश चालवतात, आणि त्यावर उशीर होतो तो वेगळा. तुतारीनं जा नाहीतर कोकणकन्येनं, अख्खा एक भाग वाचून होईल. त्यासाठी प्रवीण बांदेकरांची 'चाळेगत' घ्या. लेखक सावंतवाडीचे, मुलूख तळकोकणाचा, म्हणजे तुमच्या घरचा. तिथल्या तरुणांचं, बदलत्या गावांचं, जमिनींवर डोळा ठेवून येणाऱ्यांचं असं बरंच काही त्यात आहे, आणि पर्यटनाच्या पोस्टरवरचं कोकण त्यात शोधून सापडणार नाही. बांदेकरांना २०२२ चा अकादमी पुरस्कार मिळाला तो 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला. ती मला थोडी अवघड वाटते, 'चाळेगत' पचल्यावर तिच्याकडे जा. २०२२ ला सावंतवाडी, २०२३ ला पन्हाळा. मराठी कादंबरी पुण्या-मुंबईत लिहिली जाते असं अजूनही कुणी म्हणालं तर ही दोन नावं सांगायला हाताशी ठेवा.

परतीच्या प्रवासाला, किंवा माहेरी वीज गेलेल्या रात्री, हृषीकेश गुप्तेंची 'दंशकाल'. कोकणातलं घराणं, त्यातली भीती, दडवलेल्या गोष्टी. जाडजूड आहे पण पानं उलटत राहतात. एकटीनं माडीवर झोपणार असाल तर मात्र ती मुंबईला येऊनच वाचा.

लेकीसाठी बोकिलांचीच 'शाळा'. २००४ ची कादंबरी, आणीबाणीचा काळ, आणि नववीतला मुकुंद जोशी. वयाचा योग असा जुळून आलाय की दवडू नका. पण 'हे वाच, छान आहे' म्हणून हातात दिलीत तर ती वाचणार नाही. तुम्ही स्वतः वाचायला घ्या, हसा, आणि टीपॉयवर विसरा. कादंबरीतली मुलं मुलींबद्दल, मास्तरांबद्दल जे बोलतात ते तुम्हाला आईच्या कानांनी खटकेल. खटकू दे. व्हॉट्सअ‍ॅपवर तिनं याहून वाईट वाचलेलं आहे, आणि इथे निदान त्या बोलण्याखाली काय घाबरलेपण असतं ते तिला दिसेल. कादंबरीवर निघालेला सिनेमा आधी दाखवायचा मोह टाळा.

आता जाड पुस्तकं. ती दिवाळीला. हा आपला जुनाच रिवाज आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचायला बसतो. तुम्ही 'पानिपत' जागून वाचलीत, तर नंदा खऱ्यांची 'अंताजीची बखर' तुमच्यासाठीच आहे. तोच अठराव्या शतकाचा काळ, पण सांगणारा अंताजी सेनापती नाही. हेरगिरी, पळापळ, जीव सांभाळणं, मिळेल तिथे हात मारणं हा त्याचा धंदा. १७४० च्या दशकात मराठ्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, त्याची आपल्या शाळेच्या पुस्तकात फार तर एखादी ओळ. बंगालात मात्र आजही अंगाईगीतात बाळाला 'बर्गी आले' म्हणून झोपवतात, आणि ते बर्गी म्हणजे आपण. हे अंताजीच्या तोंडून, चेष्टेच्या सुरात ऐकताना 'पानिपत' वाचतानाचा ऊर भरून येणं आठवेल आणि थोडं चुळबुळायला होईल. आवडली तर पुढचा भाग आहे, 'बखर अंतकाळाची'. खऱ्यांच्या 'उद्या' या कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. सतत पाळतीखाली असलेल्या येत्या काळाची ती गोष्ट, २०१४ मध्ये लिहिलेली, आता फार पुढची वाटत नाही. ती थंडीत वाचा, सुट्टीचा आनंद त्यावर घालवू नका.

'अंताजी'नंतरही दम उरला तर रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत', २०१९ ची. एका कुळातल्या सात पुरुषांच्या गोष्टींतून काही शतकं उलगडतात. प्रत्येक पाटील वेगळा, त्यामुळे एकेका पाटलाला एकेक आठवडा देता येतो. ती पार केलीत की 'हिंदू'ची खूण काढून पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करा, चाळीसपासून नको. इतकी गर्दी वागवायची सवय तोवर झालेली असेल.

सगळी विकत घेऊ नका. डोंबिवलीत वाचनालयांची वाण नाही. आधी वर्गणी भरा, आवडलं ते मग घ्या. वाचनालयाचं पुस्तक परत करायची तारीख असते, आणि घरच्या पुस्तकाला ती नसते म्हणून ते राहून जातं. लोकलमध्ये नेताना चेनची प्लास्टिकची पिशवी वापरा, छत्री त्याच कप्प्यात कोंबू नका. भिजलंच तर इस्त्री किंवा गॅसजवळ धरू नका, दर काही पानांत टिश्यू किंवा कोरे कागद घालून पंख्याखाली उभं करून ठेवा. कपाट भिंतीला अगदी चिकटवलेलं असेल तर बोटभर पुढे ओढा, ओल पाठीमागूनच धरते.

आणि शेवट. हसले नाही. रहस्य असेल तिथे नका वाचू, म्हणजे 'दंशकाल'चं शेवटचं पान गाडी कुडाळ सोडेपर्यंत बघायचं नाही. 'समुद्र'चाही नको. नंदिनी सांगून झाल्यावर भास्कर काय करतो हे आधी कळलं तर त्याच्याबरोबर अस्वस्थ होण्यातली गंमत जाते. 'बारोमास'चा मात्र खुशाल आधी वाचा. रात्री सासूबाईंसमोर कुठे थांबायचं ते तुम्हाला ठरवता येईल. 'हिंदू'चा वाचलात काय, न वाचलात काय, काही फरक पडत नाही.